कॉकपिट प्रयोगशाळेत येते तेव्हा

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेला टेबल, खुर्ची आणि स्टॉपवॉच पुरते, हा समज दुसऱ्या महायुद्धातच मोडीत निघाला. केंब्रिजमध्ये मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक यांनी स्पिटफायर विमानाचे कॉकपिट प्रयोगशाळेत उभे केले आणि वैमानिकांना त्यात तासन्‌तास बसवले. दमलेला वैमानिक मुख्य काटे पाहत राही, पण कडेच्या इंधनमापकाचा त्याला विसर पडे. नुसता प्रतिसादाचा वेळ मोजून हे कळले नसते. त्यासाठी अख्खे कामच समोर मांडावे लागले. माणूस आणि यंत्र यांच्या नात्याचा अभ्यास, म्हणजे ‘ह्यूमन फॅक्टर्स’, शिकवणाऱ्या विद्यापीठांनी जागेचे नूतनीकरण करताना इथूनच सुरुवात करावी. आधी काम ठरवावे, मग खोली आखावी, यंत्रखरेदी त्यानंतर. काम न ओळखता फलक मांडला की काय होते, ते पाहा. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात 1979 साली एक झडप उघडी अडकली होती. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझलेला होता, कारण तो झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. बंद होण्याचा आदेश गेला, एवढेच सांगत होता. शंभराहून अधिक अलार्म वाजत असताना कर्मचाऱ्यांना त्या झडपेतून होणारी गळती ओळखायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. असा नियंत्रण फलक विद्यार्थ्याने स्वतः मांडावा, त्यावर कुणाला तरी चुकताना पाहावे आणि मग तो बदलावा. हे शिक्षण व्याख्यानातून मिळणारे नाही.

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो रास्त आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातला वाहनचालनाचा सिम्युलेटर अख्खी मोटार घुमटात घेऊन हलतो. तो सगळ्यांना कुठून परवडणार? पण दक्षतेचा अभ्यास करणाऱ्या नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाकडे तर एक साधी तबकडी होती. तिचा काटा टप्प्याटप्प्याने सरके, क्वचित दुप्पट उडी मारे. ती उडी टिपण्यातली दक्षता पहिल्या अर्ध्या तासानंतरच घसरते, हे त्यांनी दाखवले. वाहन चालवताना फोनवर बोलण्याचा परिणाम तपासण्यासाठी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी 2001 मध्ये पडद्यावरच्या सरकत्या लक्ष्याचा जॉयस्टिकने पाठलाग करायला आणि लाल दिवा दिसताच प्रतिसाद द्यायला लावले. फोन हातात असो वा हँड्सफ्री, संभाषणात गुंतलेल्यांकडून लाल दिवे सारखेच हुकले. हुबेहूबपणा दिसण्यात नसून कामाच्या मानसिक ताणात हवा. प्रयोगशाळेत खरा धोका नसतो, हा दुसरा आक्षेपही खराच. म्हणून निष्कर्ष प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी पडताळावेच लागतात; पण सुरुवात रस्त्यावर करून कुणाचा जीव पणाला लावता येत नाही. तेव्हा सरकत्या भिंती, कमीजास्त होणारा प्रकाश, एकतर्फी काचेमागे निरीक्षणाची खोली एवढे आधी साधावे. आणि अंदाजपत्रकात तंत्रज्ञाचे कायम पद हवेच, कारण देखभालीवाचून महागडा सिम्युलेटरही लवकरच अडगळीत जातो.