निवृत्तिकाळाची तरतूद

शासकीय सेवेत पहिले पाऊल टाकतानाच कर्मचाऱ्याच्या सेवानिवृत्तीचा महिना ठरून गेलेला असतो. सेवापुस्तकात जन्मतारखेची नोंद झाली की पुढचा हिशोब कोणालाही बोटांवर करता येतो. आयुष्यातील इतकी निश्चित घटना दुसरी क्वचितच असेल. असे असूनही तिची तयारी शेवटच्या वर्षापर्यंत लांबणीवर टाकण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते, घरातील विवाहकार्ये आणि गावाकडच्या घराची डागडुजी ही निकडीची कामे सतत दाराशी उभी असतात. साठीनंतरचा काळ मात्र काहीही मागत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही.

या प्रश्नाचा विचार करताना आपण नेमके कोणत्या गटात मोडतो, हे प्रत्येकाने प्रथम पाहिले पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत. पुरेशी अर्हताकारी सेवा झालेली असल्यास साधारणतः शेवटच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर वेळोवेळी महागाई वाढ, असे त्याचे स्वरूप आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना आली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत सामावली गेली. या योजनेत कर्मचारी आपल्या वेतनातून १० टक्के भरतो, शासन १४ टक्के भरते आणि जमा निधी बाजारात गुंतविला जातो. नियत वयोमानानुसार निवृत्त होताना शासकीय कर्मचाऱ्यास त्यातील जास्तीत जास्त ६० टक्के रक्कम एकदम मिळते, तर उरलेल्या किमान ४० टक्क्यांतून वार्षिकी घ्यावी लागते. हाती किती येणार याचा आकडा आधी सांगता येत नाही, हाच या योजनेविषयीच्या असंतोषाचा गाभा होता. मार्च २०२३ मधील राज्य कर्मचाऱ्यांचा संप याच प्रश्नावर झाला. २५ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवरील एकीकृत निवृत्तिवेतन योजनेस मान्यता दिली. असा पर्याय निवडताना शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने काय लिहून दिले यापेक्षा आपली सेवा किती वर्षांची होणार, हे पाहणे इष्ट.

तिसरा गट सर्वांत मोठा आहे. शेतकरी, दुकानदार, कारागीर, खाजगी वाहनचालक आणि ग्रामपंचायतीचे बहुसंख्य सदस्य यांच्यासाठी कोणतेही कार्यालय निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तयार करीत नाही. त्यांचा विचार पुढे केला आहे.

काळ आणि व्याज

बचतीत रकमेपेक्षा मुदत अधिक काम करते, ही गोष्ट शिक्षकांना विद्यार्थ्यांपुढे चक्रवाढ व्याजाचे उदाहरण मांडताना नेहमी दिसते. स्वतःच्या वेतनाला ते उदाहरण लावून पाहण्याचा प्रसंग मात्र थोडेच घेतात. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते घेऊ. १९६८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना पगारदारालाच नव्हे तर कोणाही नागरिकाला खुली आहे. वर्षाला किमान ५०० व कमाल दीड लाख रुपये तीत भरता येतात. मुदत १५ वर्षांची असून पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढविता येते. न्यायालयाच्या हुकुमाने ही रक्कम कर्जापोटी जप्त होत नाही, हा तिचा फारसा ठाऊक नसलेला विशेष.

एका व्यक्तीने दरवर्षी एप्रिलच्या आरंभी १२,००० रुपये याप्रमाणे ३० वर्षे भरले. दुसरीने पंधरा वर्षे उशिरा सुरुवात केली आणि ती भरून काढण्यासाठी दरवर्षी दुप्पट, म्हणजे २४,००० रुपये, १५ वर्षे भरले. दोघांनी पदरचे ३ लाख ६० हजारच घातले. व्याजाचा दर ७.१ टक्के धरल्यास पहिलीच्या हाती सुमारे १२ लाख ३६ हजार येतात, तर दुसरीच्या हाती ६ लाख ५१ हजार. रक्कम महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरली तरच त्या महिन्याचे व्याज तिच्यावर मिळते. ही बारीकशी गोष्टही पाळण्यासारखी आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. व्याजाचा दर कायमचा नसतो. याच योजनेत १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के व्याज मिळत होते, ते उतरत उतरत एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आले. नव्वदीच्या दशकात निवृत्त झालेल्या ज्या गृहस्थांनी केवळ व्याजावर घर चालेल असा हिशोब मांडला होता, त्यांचे गणित पुढील दहा वर्षांत कोलमडले. दुसरीकडे महागाई थांबत नाही. ती वर्षाला ६ टक्के धरली तर बारा वर्षांत किंमती दुप्पट होतात. ५८ व्या वर्षी ज्या घराचा महिन्याचा खर्च २०,००० रुपये आहे, त्यालाच ७० व्या वर्षी ४०,००० आणि ८२ व्या वर्षी ८०,००० रुपये लागतील. वर दाखविलेल्या १२ लाख ३६ हजारांची खरेदीशक्तीही याच हिशोबाने आजच्या दोन-सव्वादोन लाखांइतकी राहील. त्यामुळे बचतीचा आकडा एकदा ठरवून तीस वर्षे तोच ठेवणे पुरेसे नाही. वार्षिक वेतनवाढ मिळेल त्या महिन्यापासून बचतीतही वाढ करावी. वाढीव वेतनाची सवय घराला लागण्यापूर्वी हे करणे सोपे जाते.

एकरकमी पैशाचे वर्ष

निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष आर्थिकदृष्ट्या सर्वांत नाजूक असते. उपदान, भविष्य निर्वाह निधी, गटविमा, रजेचे रोखीकरण आणि निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची रक्कम थोड्या काळाच्या अंतराने खात्यात जमा होते. ज्याने तीस वर्षे महिन्याच्या पगारावर संसार केला, त्याने इतकी मोठी रक्कम एकत्र कधीच पाहिलेली नसते. आणि नेमक्या याच वेळी सल्लागारांची गर्दी होते. मुलाला व्यवसायासाठी भांडवल हवे असते, नातलगाला हातउसने हवे असतात, तालुक्याच्या गावात नवा प्लॉट विक्रीस निघालेला असतो.

अंशराशीकरणाचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. निवृत्तिवेतनाचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग सोडून देऊन त्याबदली एकरकमी पैसे घेता येतात आणि तो सोडलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. समजा, निवृत्तिवेतन ३०,००० रुपये आहे. ४० टक्के म्हणजे १२,००० रुपये सोडले तर ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास साधारण १२ लाख रुपये मिळतात. पंधरा वर्षांत निवृत्तिवेतनातून कमी होणारी रक्कम २१ लाख ६० हजार भरते. केवळ कर्जाच्या दृष्टीने पाहिले तर हा व्यवहार साधारण पावणेनऊ टक्के व्याजाचा ठरतो. मात्र महागाई वाढ मूळ ३०,००० वरच मिळत राहते, आणि निवृत्तिवेतनधारकाचे निधन झाल्यास उरलेली वजावट पत्नीच्या वा पतीच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून होत नाही. घराचे महाग कर्ज फेडायचे असेल किंवा प्रकृती नाजूक असेल तर अंशराशीकरण हिताचे आहे. पैसे घेऊन ते बँकेत सात टक्क्यांनी ठेवायचे असतील, तर त्यात अर्थ नाही.

आता ठेवींविषयी. आपल्या राज्यात नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था यांचे जाळे गावोगाव पसरले आहे आणि त्यांनी सामान्य माणसाची पत वाढविली हे निःसंशय. तथापि ठेव ठेवणाऱ्याने या दोहोंतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. बँकेतील ठेवीला, मग ती बँक सहकारी असो वा राष्ट्रीयीकृत, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारास, मुद्दल व व्याज धरून, ५ लाख रुपये करण्यात आली. त्यापूर्वी १९९३ पासून ती केवळ १ लाख होती. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवीदारांची जी ससेहोलपट झाली, तीनंतर हा बदल आला. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूदही झाली. पतसंस्थेतील ठेवीला मात्र हे संरक्षण मुळीच नाही. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा अधिनियम आहे आणि त्याखाली बुडव्या संस्थांच्या मालमत्ता जप्त होतात. परंतु जप्ती, लिलाव आणि वाटप या क्रमाला लागणारी वर्षे सत्तरीच्या माणसाजवळ असतीलच असे नाही. बँकेपेक्षा दोन-तीन टक्के अधिक व्याज मिळते, एवढ्या कारणास्तव आयुष्याची पुंजी एकाच संस्थेत ठेवणे धोक्याचे आहे. संचालक ओळखीचे आहेत, हे कारण तर त्याहून दुबळे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना ही या टप्प्यावरील सर्वांत सोयीची योजना म्हणता येईल. २००४ साली सुरू झालेल्या या योजनेत १ एप्रिल २०२३ पासून गुंतवणुकीची कमाल मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि त्याच दिवशी व्याजाचा दर ८.२ टक्के झाला. दराचा आढावा दर तिमाहीस होतो, पण खाते उघडताना असलेला दर त्या खात्यास पाच वर्षे टिकतो. ८.२ टक्के दराने १० लाखांवर दर तिमाहीस २०,५०० रुपये मिळतात. वयाची अट ६० वर्षांची असली तरी ५५ वर्षांनंतर सेवानिवृत्त होणाऱ्यास निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडता येते. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना या सवलतीची माहिती नसते.

ज्यांना निवृत्तिवेतन नाही त्यांच्यासाठी

९ मे २०१५ रोजी आरंभ झालेली अटल पेन्शन योजना १८ ते ४० वयोगटासाठी आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना तीत नव्याने प्रवेश मिळत नाही. साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत निश्चित निवृत्तिवेतन, सभासदाच्या मागे तितकेच पती वा पत्नीस, आणि त्यांच्याही मागे जमा निधी वारसदारास, अशी तिची रचना आहे. ५,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी अठराव्या वर्षी सुरुवात केल्यास महिन्याला २१० रुपये, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये भरावे लागतात. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हे तीन आकडे फळ्यावर लिहून दाखविले तरी बराच कार्यभाग साधेल. मात्र लाभार्थ्यांना सांगताना दुसरी बाजूही सांगावी. आज अठरा वर्षांच्या असलेल्या मुलास साठाव्या वर्षी मिळणाऱ्या ५,००० रुपयांत, सहा टक्के महागाईच्या हिशोबाने, आजच्या सव्वाचारशे-साडेचारशे रुपयांचाच माल येईल. ही योजना आधार आहे, पूर्ण निर्वाह नव्हे. तिच्या जोडीला पोस्टातील आवर्ती ठेव किंवा वर सांगितलेला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी हवाच.

शेतकरी कुटुंबात म्हातारपणाची तरतूद म्हणजे जमीन आणि मुलगा, असे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. जमिनीचे तुकडे होत गेले आणि मुले पुण्या-मुंबईकडे गेली, तसे ते सैल झाले. हयातीतच जमीन वा घर मुलांच्या नावे करून देण्याची घाई करू नये. करावयाचेच असेल तर बक्षीसपत्रात आपल्या सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ नुसार अशी अट मोडल्यास ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. अट लिहिलेलीच नसेल, तर वृद्धांची बाजू न्यायाधिकरणापुढे कमकुवत पडते. गावातील जाणत्यांनी दस्त होण्यापूर्वी हे सांगितले पाहिजे, कारण नोंदणी झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

कागद आणि नावे

निवृत्तिवेतनाची प्रकरणे अडतात ती बहुधा जुन्या नोंदींमुळे. पूर्वीच्या एखाद्या कार्यालयातील सेवा पडताळलेली नसते, वेतननिश्चितीवर आक्षेप असतो, किंवा पत्नीचे नाव सेवापुस्तकात एक आणि आधार ओळखपत्रात दुसरे असते. नियमांनुसार कार्यालयप्रमुखाने निवृत्तीच्या दोन वर्षे आधी या कामास आरंभ करावयाचा असतो. कर्मचाऱ्याने त्याचीही वाट न पाहता आपले सेवापुस्तक दरवर्षी पाहून घ्यावे. तो त्याचा हक्क आहे, आस्थापना लिपिकावर अविश्वास नव्हे.

नामनिर्देशन विवाहापूर्वी आईवडिलांच्या नावे केलेले असते आणि पुढे बदलायचे राहून जाते, अशी उदाहरणे अनेक आढळतात. भविष्य निर्वाह निधी, गटविमा, बँक व पोस्ट यांतील प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे तपासावी लागते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चार जणांपर्यंत नामनिर्देशन करण्याची मुभा मिळाली आहे. पण बँकेच्या ठेवीसंबंधात नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते, मालकी वारसाहक्काने वा मृत्युपत्राने ठरते. हा भेद भावाभावांतील कितीतरी दाव्यांच्या मुळाशी आहे.

आणि घरातील दोघांनाही हिशोब ठाऊक असावा. ६०,००० रुपये वेतनावर निवृत्त झालेल्यास ३०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. त्याच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १८,००० रुपये राहते. घरखर्च मात्र निम्म्याने कमी होत नाही. ही तूट कोणत्या ठेवीच्या व्याजातून भरावयाची, ती ठेव कोठे आहे, आणि निवृत्तिवेतनाचा आदेश क्रमांक कोणता, हे एका वहीत लिहून ती वही पत्नीच्या हाती द्यावी. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरमध्ये सादर करावयाचा असतो. २०१४ पासून तो जीवन प्रमाण या सुविधेद्वारे बोटाच्या ठशावर घरबसल्याही देता येतो, आणि ठसा न उमटल्यास बँकेत किंवा कोषागारात समक्ष जाऊन पूर्वीप्रमाणे सही करण्याचा मार्ग खुला आहे.