पुढील चाकाचे बेअरिंग अकाली का झिजते?

शेतमाल वाहणाऱ्या पिकअप गाडीचे पुढील चाक घरघरू लागले की नवे बेअरिंग बसविले जाते. परंतु मूळ दोष कायम राहिल्यास तेही लवकरच निकामी होते. पुष्कळदा दोष सीलचा असतो. गाडी ओढ्यातून नेल्यास फाटक्या सीलवाटे पाणी व गाळ आत शिरतो, ग्रीस पांढुरके होते आणि रोलर गंजतात. टेपर बेअरिंगचा नट फाजील आवळणेही तितकेच घातक. हब तापून ग्रीस वितळते. हौसेने बसविलेली, बाहेर आलेली रुंद चाके बेअरिंगवर तिरपा भार टाकतात, ते वेगळेच. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवावे. खडखड स्पष्ट जाणवल्यास दुरुस्तीपूर्वी भरलेली गाडी घाटात मुळीच नेऊ नये; चाक निखळू शकते.