खालचा पत्रा, वरचे कागद

रायगडच्या किनाऱ्यावर पडेल भावात गाडी उचलायची, दुरुस्त करायची आणि विकायची हा उद्योग सुरू झाला तो सरकारी कचेऱ्यांच्या मागच्या अंगणात. पंचायत समिती, पाटबंधारे, बांधकाम खातं, कुठंही जा, एखादी जीप चारही टायर बसलेल्या अवस्थेत आंब्याच्या पातेऱ्यात रुतलेली असायचीच. कधीतरी तिचं निर्लेखन व्हायचं, पेपरात आतल्या पानावर चार ओळींची सूचना यायची, बंद लखोट्यात निविदा मागवल्या जायच्या आणि ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर ती कुणा गॅरेजवाल्याच्या पदरात पडायची. दोर बांधून ओढत नेलेली तीच जीप दोनेक महिन्यांनी नवा रंग आणि नवी ताडपत्री लेवून श्रीवर्धन-दिघी रस्त्याला माणसं वाहताना दिसायची.

त्या सौद्यात लपवाछपवीला फारशी जागा नव्हती. इंजिन बंद आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं आणि मिस्त्रीला ते इंजिन तोंडपाठ होतं. हेड उतरवा, बोअर करून घ्या, रिंगा बदला, काम संपलं. गोम होती ती पत्र्यात.

खारा वारा गाडीला काय करतो हे घाटावरच्या माणसाला सांगून पटत नाही. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. त्यामुळे पाऊस नसतानाही गाडीचं पोट ओलंच राहतं आणि गंज आतून, दोन पत्र्यांच्या जोडातून सुरू होतो. वरून रंग झकास दिसतो, पण रनिंग बोर्ड, डिकीचा तळ आणि चाकावरच्या कमानी पोखरलेल्या असतात. त्यातही मासळी वाहिलेला टेम्पो म्हणजे कहरच. साखर, कोर्लई, भरडखोल अशा बंदरांवरून बर्फातली मासळी नेताना खारं पाणी हौद्यातून सतत चॅसीवर ठिबकत असतं. असा टेम्पो लिलावात निघाला की जाणकार आधी वास घेतात, भाव नंतर विचारतात. आमच्याकडचा एक जुना आगरी मिस्त्री गाडी पाहायला जाताना हातात फक्त एक पाना न्यायचा. बॉनेट उघडायच्या आधी तो गाडीखाली आडवा व्हायचा आणि पान्याच्या टोकाने ठोकत पुढून मागे सरकायचा. टणटण आवाज आला की पुढे. भद्द आवाज आला की थांबून अंगठ्याने दाबून बघायचा. पुट्टी असेल तर खपली निघायची, कधी अंगठाच आत जायचा. शेजारी उभ्या असलेल्या हौशी गिऱ्हाइकाला त्याचं एकच सांगणं असे, “वरशी नको बगू, खालशी बग.”

डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००ने या धंद्याला खरा जोर दिला. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं साधं इंजिन, गावोगाव मिळणारे सुटे भाग आणि बँकेचा हप्ता थकल्यामुळे यार्डात येऊन पडलेल्या गाड्यांची रांग. जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तोवर किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली पहिली गाडी म्हणजे कुणीतरी लिलावात घेऊन रंगवलेली ८००च होती. पत्रा पातळ असल्याने ती इकडच्या हवेत लवकर सडायची हे खरं. पण तळाला नवा पत्रा वेल्डिंग करून मारणारे कारागीर त्याच काळात तयार झाले, हेही तितकंच खरं.

मग २६ जुलै २००५ उजाडली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबईत तळघरं आणि रस्ते मिळून हजारो गाड्या बुडाल्या, आणि ‘पाण्यातली गाडी’ हा एक नवाच माल बाजारात आला. विम्याचा हिशेब असा आहे की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा बोली लावून विकला जातो. बोली लावणाऱ्याला दिसते ती तीन वर्षांची, न ठोकलेली, चकचकीत गाडी, तीही पाव किमतीत. मोह होणारच. पण पाण्यात अडकलेल्या माणसाने घाबरून एकदा जरी चावी फिरवली असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसतं तेल बदलून भागत नाही, इंजिन उघडावंच लागतं.

पाण्यातली गाडी ओळखायच्या खुणा त्या सुमारास अंगवळणी पडल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. धुणारा पट्ट्याचा दिसणारा भाग धुतो, गुंडाळीच्या आतल्या टोकावर मातीची रेघ तशीच राहते. सीटच्या रुळांचे स्क्रू बघायचे. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवायचं. आणि गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर सरळ काढता पाय घ्यायचा.

तरी नदीचा पूर परवडला. गाळ धुऊन काढता येतो. समुद्राचं पाणी वायरिंगच्या जोडांत शिरलं की तांब्यावर हिरवी बुरशी धरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकेक दिवा, एकेक काच बंद पडत जाते. काशीद, नागाव, वरसोलीच्या वाळूत गाडी घालून भरतीत अडकणारे पर्यटक दर मोसमात असतात. ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर निघते, त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. पुढे तीच गाडी कुठे विकली गेली हे मात्र कुणी दाखवत नाही.

दरम्यान लिलाव अंगणातून मोबाइलवर गेला. अनामत भरा, फोटो बघा, घड्याळ संपेपर्यंत बोली वाढवा. यार्डात जाऊन पाहायची सोय कागदावर असते, पण पुण्याच्या किंवा भिवंडीच्या यार्डात एका गाडीसाठी अलिबागहून कोण जाणार? माझ्या मते या धंद्याचं खरं नुकसान इथे झालं. पान्याची ठोक फोटोत ऐकू येत नाही. शिवाय बोलीची रक्कम म्हणजे गाडीची किंमत, असा नवशिक्यांचा समज होतो. त्यावर लिलाव कंपनीचं शुल्क, टोइंग, यार्डाचं भाडं, विमा, नावावर करण्याचा खर्च आणि रंगकाम चढतं. समजा लाखाला गाडी मिळाली आणि दीड लाखाला खपली, तर मधल्या पन्नास हजारांतले बरेचसे अशा वाटांनी आधीच गेलेले असतात.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या आणि दारातल्या गाड्यांवर झाडं पडली. छत चेपलेली गाडी दिसायला भयंकर, पण मिस्त्रीच्या दृष्टीने प्रामाणिक. मोडलंय ते समोर दिसतं. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ला महाड बुडालं. सावित्री आणि गांधारीच्या पाण्याने बाजारपेठेत माणसाला उभं राहायला जागा ठेवली नाही, तिथे गाड्यांची काय कथा! या वेळी बुडालेल्या गाड्या २००५पेक्षा वेगळ्या होत्या. २०१९पासून एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झालेली, जागोजाग सेन्सर, सीटखाली नाहीतर डॅशबोर्डच्या पोटात कंट्रोल युनिट. जुन्या मिस्त्रींनी इंजिनं बसवून दिली, पण डॅशबोर्डवरचा दिवा काही विझेना. तो विझवायला स्कॅनर लागतो आणि भिजलेलं युनिट नवं घ्यायचं तर नफाच त्यात जातो.

एवढं होऊनही गाडी उभी राहिली, तर अडते कागदांवर. विकणाऱ्याचा फॉर्म २९, घेणाऱ्याचा फॉर्म ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५, आणि गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. पूर्वी मधला दलाल सही केलेले कोरे फॉर्म खिशात घेऊन फिरायचा आणि गाडी दोन-तीन हातांतून जाऊनही पुस्तकावर पहिल्याच मालकाचं नाव राहायचं. अपघात झाला की पोलीस त्या पहिल्याच्या दारात. टोटल लॉसच्या गाड्यांबाबत तर याहून काळा प्रकार चालायचा. काही जण सांगाड्यासाठी बोली लावतच नव्हते, लावत होते ते आरसी बुकासाठी. तो चॅसी नंबर चोरीच्या तशाच गाडीवर ठोकला की झाली ‘दुरुस्त’ गाडी. देशभर अशा टोळ्या पकडल्या गेल्या आहेत, म्हणून लिलावातल्या गाडीचा चॅसी नंबर कापडाने पुसून, बोटाने चाचपून बघण्यात लाज वाटू देऊ नये.

१ एप्रिल २०२३पासून दोन गोष्टी बदलल्या. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घेणं आलं, आणि गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत जबाबदारीही त्याचीच झाली. कोऱ्या फॉर्मच्या जमान्याला हा पहिला खरा आळा. दुसरं म्हणजे पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपली. आता त्या जीप कुणा गॅरेजवाल्याकडे न जाता थेट अधिकृत भंगार केंद्रात जातात. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणीची मुभा आहे, पण ६०० रुपयांची फी २०२२मध्ये ५,००० झाली, वीस वर्षांपुढच्या मोटारीला २०२५मध्ये १०,००० झाली, आणि पर्यावरण कर वेगळा. तीस-चाळीस हजारांच्या गाडीला हे ओझं पेलत नाही.

नफ्याच्या बाजूनेही दोर आवळला गेलाय. जानेवारी २०२५पासून जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला सगळ्याच जुन्या गाड्यांवर मार्जिनच्या १८ टक्के कर आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आणि शोरूमचीच किंमत उतरल्यावर जुनीला भाव कोण देणार?

त्यामुळे आता इथले विक्रेते पुराची गाडी सहसा उभी करत नाहीत, सुटी करतात. दारं, काचा, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं आणि त्यात फसवणूकही नाही. उभी करून विकायला बोली लावली जाते ती घाटावरच्या गाडीवर. पुणे, नाशिक, संभाजीनगरकडच्या गाडीचा पत्रा कोरडा असतो, इंजिन दमलेलं असलं तरी चालतं. एमएच ०६, म्हणजे रायगडच्या पासिंगची निघाली तर पहिला प्रश्न तालुका कोणता हा. सुधागडसारख्या आतल्या तालुक्याची म्हटलं तर बोलणी पुढे सरकतात. मुरूड-श्रीवर्धनची म्हटलं की गिऱ्हाईक पँट वर ओढून आधी गाडीखाली वाकतं.