निर्वातातला झोत आणि आमची फजिती

फायनल इयरला सरांकडे सोपा विषय मागितला. मिळाला हा: निर्वात पात्रात सोडलेल्या आर्गॉनच्या झोताचं सिम्युलेशन!

पण विषय हवेतला नाही. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये असाच आर्गॉनचा झोत निर्वातात सोडून त्यावर प्रखर लेसर मारला. त्यातून मिळालेल्या अतिवेगवान उदासीन अणूंचं संशोधन २०१३ साली 'नेचर फिजिक्स'मध्ये आलं. झोतच का? तर पसरताना आर्गॉन इतका गार होतो की अणू चिकटून पुंजके बनतात, आणि हे पुंजके लेसरची ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा कितीतरी जास्त शोषतात.

गार का होतो? हार्बरची लोकल खारघरला थांबली की दारात काय धक्काबुक्की असते! बाहेर पडलं की ती संपते आणि सगळे एका दिशेने सुटतात. तापमान म्हणजे ती धक्काबुक्की, तिचाच पुढे वेग होतो. ३०० केल्विनचा आर्गॉन फार तर सेकंदाला ५६० मीटर गाठतो. माख १० ला तापमान उरतं जेमतेम ९ केल्विन.

तर, आत ५ बार, छिद्र अर्ध्या मिलिमीटरचं, बाहेर १ पास्कल. रूमवर रात्रभर रन लावला. सकाळी चित्र झकास! सरांनी एवढंच विचारलं, "ऑपरेटिंग प्रेशर किती ठेवलंस रे?" ते होतं १,०१,३२५. म्हणजे आमचा निर्वात ही खारघरचीच हवा! शून्य केलं तर सॉल्व्हर लगेच डायव्हर्ज. मग बाहेरचा दाब आधी ५० हजार, मग ५ हजार, असा पायरीपायरीने उतरवला, तेव्हा कुठे गाडी चालली.

तरी झोतासमोरचा आडवा शॉक, माख डिस्क, दिसेचना. तिचं अंतर म्हणजे ०.६७ गुणिले छिद्राचा व्यास गुणिले दाबांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ. आकडे घाला: जवळपास २४ सेंटिमीटर. आमचं डोमेन २ सेंटिमीटरचं!

खरी गोम मात्र वेगळीच. झोत विरळ होत जातो तशा अणूंच्या टकराच थांबतात. स्टेशनबाहेर जो तो आपापल्या वाटेने. तिथे गर्दीचा प्रवाह कसला? नेव्हिए-स्टोक्स समीकरणं तिथे लंगडी पडतात. दोन टकरांमधलं अंतर भागिले घनता बदलण्याची लांबी, हा नुडसन नंबर. तो ०.०५ च्या वर गेला की बर्ड यांची १९६० च्या दशकातली डीएसएमसी पद्धत हवी, जी नमुन्याच्या कणांच्या टकरा मोजते. ती शिकायला आमच्याकडे वेळ नव्हता.

म्हणून आम्ही ०.०५ ची रेषा काढली आणि पलीकडे रंग भरलाच नाही. व्हायव्हात एक्स्टर्नलनी विचारलं, "इथे कोरं का?" पार्टनर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "सर, तिथलं आमचं उत्तर खोटं आहे." त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न मेशवर विचारला.