माकान आंगिन अर्थात हवा खाण्याची सुट्टी

मलाय भाषेत सुट्टी घालवण्यासाठी बाहेर पडण्याला ‘माकान आंगिन’ असे म्हणतात. ‘माकान’ म्हणजे खाणे आणि ‘आंगिन’ म्हणजे वारा. आपल्याकडेही माणसे हवा खायला जातात. तेव्हा या शब्दप्रयोगाचा अर्थ मराठी माणसाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत सिंगापूर, मलाक्का, पेनांग आणि बाली अशी बावीस दिवस हवा खाण्याचा योग मला आला. मामा नोकरीनिमित्त सिंगापूरला असतात. त्यांच्या घरचा आधार होता म्हणूनच ही चैन परवडली. निघण्यापूर्वी त्यांनी फोनवर एकच अट घातली होती. “आठवड्यात पाच गावे उरकायची असतील तर येऊ नकोस. इथल्या उन्हात धावणाऱ्याला काही दिसत नाही.”

प्रेक्षणीय स्थळांची यादी देणे हा या लेखाचा हेतू नाही. या उष्ण मुलखातली माणसे सावकाशीने का वागतात आणि त्या सावकाशीतून काय काय निपजले, हे मला जसे उमगले तसे येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

ऊन आणि सावली

कोकणातल्या माणसाला उकाड्याचे कौतुक ते काय सांगावे! परंतु आपला उकाडा मृगाच्या पावसाबरोबर उतरतो. सिंगापूरचा उतरतच नाही. हे शहर विषुववृत्तापासून अवघ्या १३७ किलोमीटरवर आहे. बाराही महिने दुपारचे तापमान ३१ ते ३३ अंशांच्या घरात असते आणि रात्रीही ते २४-२५ अंशांच्या खाली क्वचितच जाते. वर्षातला सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम नऊ-दहा मिनिटांचा फरक. ऋतू म्हणून जो काही असतो तो पावसाच्या कमी-जास्तपणात.

हे आकडे ऐकून नागपूरकर हसतील. पण इथला खरा त्रास दमटपणाचा आहे. घाम वाळतो तेव्हा शरीर निवते. हवेतच बाष्प भरलेले असले की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. अशा हवेत भराभर चालणारा माणूस अंगात उष्णता निर्माण तर करतो, पण ती बाहेर टाकू शकत नाही. तेव्हा रमतगमत चालणे हा इथे स्वभावाचा भाग म्हणण्यापेक्षा शरीरशास्त्राचा भाग म्हणावा लागेल.

ही गोष्ट जुन्या नगररचनाकारांना चांगली ठाऊक होती. १८१९ मध्ये रॅफल्सने इंग्रजांचे ठाणे येथे वसवले. १८२२ मध्ये शहराची आखणी करताना त्याने असा नियम घातला, की रस्त्यावरच्या प्रत्येक घराने पुढच्या बाजूला छपराखालची सलग वाट सोडावी. ही वाट साधारण पाच फूट रुंद, म्हणून मलाय लोक तिला ‘काकी लिमा’ म्हणतात. काकी म्हणजे पाय व लिमा म्हणजे पाच. या पडवीतून उन्हाचा वा पावसाचा थेंब अंगावर न घेता सबंध गल्ली पालथी घालता येते. तिला लागून असलेली चिनी दुकानघरे अरुंद पण खूप लांब असतात, आणि त्यांच्या मध्यभागी आकाशाला उघडा चौक असतो. गरम हवा त्यातून वर निघून जाते. आपल्याकडचे वाडे बांधणाऱ्यांनीही हीच युक्ती केली होती.

आज मात्र सिंगापूर यंत्राने थंड केलेले आहे. १९५९ मध्ये पंतप्रधान झालेले ली क्वान यू यांनी प्रथम सरकारी कचेऱ्यांत वातानुकूलन आणले, आणि पुढे ते या यंत्राला आपल्या देशाच्या प्रगतीचे एक मोठे कारण मानीत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मामी बाहेर पडताना छत्री आणि शाल अशा दोन्ही वस्तू पिशवीत टाकतात. छत्री रस्त्यासाठी आणि शाल दुकानातल्या थंडीसाठी! शिवाय आतली उष्णता यंत्र बाहेर टाकते, म्हणजे ती गल्लीतून चालणाऱ्याच्या वाट्याला येते. मला गोडी वाटली ती संध्याकाळच्या उघड्या खाद्यगृहांची. वर छप्पर, बाजू मोकळ्या, पंखे फिरत असलेले, आणि एकाच टेबलाशी चिनी, मलाय, तमिळ कुटुंबे आपापली ताटे घेऊन बसलेली. या खाद्यसंस्कृतीची २०२० मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

वाऱ्याची वाट

सिंगापूरहून बसने चार-पाच तासांत मलाक्का येते. आजचे गाव लहान आहे, नदीही लहान आहे, आणि भराव घातल्यामुळे समुद्र जुन्या वस्तीपासून दूर गेला आहे. पाचशे वर्षांपूर्वी हे जगातल्या अत्यंत गजबजलेल्या बंदरांपैकी एक होते, यावर प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही. इथे विशेष काही पिकत नव्हते. तांदूळदेखील जावा, सयाम, पेगूहून येई. मग हे गाव इतके मोठे का झाले? उत्तर एका शब्दात द्यायचे तर वाऱ्यामुळे.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो नैर्ऋत्य मोसमी वारा पाऊस आणतो, तोच हिंदुस्थानातली जहाजे पूर्वेकडे नेत असे. चीनची जहाजे याच्या उलट, हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर दक्षिणेला उतरत. परतीचा वारा सुटेपर्यंत दोघांनाही थांबावे लागे. एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलाय द्वीपकल्प अशा दुहेरी आडोशात असलेली मलाक्क्याची सामुद्रधुनी हे त्या थांबण्याचे स्वाभाविक ठिकाण. गुजरातचे कापड, मोलुक्काची लवंग, बांदाचे जायफळ, चीनचे रेशीम व चिनी मातीची भांडी येथे हात बदलत. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना ही वाट पाहणे काही नवे नाही.

तोमे पिरेस नावाचा पोर्तुगीज औषधविक्रेता १५१२ ते १५१५ या काळात मलाक्क्यात होता. बंदरात चौऱ्याऐंशी भाषा बोलल्या जातात असे त्याने लिहून ठेवले आहे. तिथे दिसणाऱ्या व्यापाऱ्यांची जी लांबलचक यादी त्याने दिली, तिच्यात कैरो, एडन, होर्मुझ यांच्याबरोबर आपले चौल आणि दाभोळही आहे! आज दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट पाहत उभ्या असलेल्या किती जणांना हे माहीत असेल? मलाक्क्याच्या सुलतानाने या परदेशी मंडळींसाठी चार शहाबंदर नेमले होते. गुजरात्यांसाठी एक, बंगाल व चोळमंडळाकडच्यांसाठी एक, जावा व पूर्वेच्या बेटांसाठी एक, आणि चीनकडच्यांसाठी एक. वाद निवडणे, वखारीला जागा देणे ही त्यांची कामे.

महिनोन् महिने थांबलेला माणूस नुसता बसून राहत नाही. तो बाजारापुरती भाषा शिकतो, घर करतो, लग्न करतो. चिनी व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संसारातून ‘बाबा-न्योन्या’ समाज झाला. तमिळ व्यापाऱ्यांच्या अशाच संसारातून ‘चिट्टी’ समाज झाला. हे लोक घरात मलाय बोलतात, त्यांच्या स्त्रिया सारोंग नेसतात, आणि देवळात मात्र शिव-गणपतीच. १७८१ मधले त्यांचे विनायकाचे देऊळ सोनारगल्लीत आहे. त्याच रांगेत १७४८ ची मशीद आणि सतराव्या शतकातले चिनी देऊळ. एका सकाळी ही तिन्ही मी पायी पाहिली. अंतर पाच मिनिटांचे, पण मला तीन तास लागले.

१५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कने पुढच्याच वर्षी मलाक्का घेतले. मागाहून १६४१ मध्ये डच आणि १८२४ मध्ये इंग्रज आले. पोर्तुगीजांची सत्ता गेली तरी त्यांची मोडकी-तोडकी भाषा मागे राहिली. समुद्रकाठच्या एका वस्तीत ख्रिस्ती कोळी कुटुंबे आजही ‘क्रिस्तांग’ बोलतात. संध्याकाळी दोन म्हाताऱ्यांचे बोलणे कानी पडले तेव्हा रेवदंड्याजवळच्या कोर्लईची आठवण झाली. तिथेही पोर्तुगीजपासून झालेली बोली टिकून आहे. एकाच मुळाच्या या दोन बोली, एवढ्या समुद्राच्या दोन टोकांना! त्या रात्री जेवणानंतर साबुदाण्याचा एक गोड पदार्थ खाल्ला. वर नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ. गुळाला तिथे ‘गुला’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘गुड’ वरूनच आला.

या थांबण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र मलाक्क्याच्याही पूर्वीचे आहे. इ. स. ६७१ मध्ये चिनी भिक्षू इत्सिंग नालंद्याला जाण्यासाठी निघाला. वाटेत तो सुमात्रातल्या श्रीविजय राज्यात सहा महिने राहिला आणि तेवढ्यात त्याने संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला. पुढे आपल्या देशबांधवांनाही त्याने सल्ला दिला, की हिंदुस्थानात जाण्यापूर्वी येथे थांबून तयारी करावी. परीक्षेपूर्वीच्या सुट्टीचा इतका चांगला उपयोग आपल्यापैकी कितीजण करतात, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पेनांग बेटाविषयी थोडक्यात सांगतो. इंग्रजांनी ते १७८६ मध्ये घेतले. त्याची राजधानी जॉर्ज टाउन आणि मलाक्का यांना २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा एकत्रच मिळाला. चार दिवस आम्ही सकाळी भटकत होतो, दुपारी झोपत होतो आणि रात्री खात होतो. माशाचा आंबट रस्सा घातलेल्या तिथल्या शेवयांची चव अजून जिभेवर आहे.

पाण्याची पाळी

बालीत आम्ही आठ दिवस एका खेड्यात राहिलो. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आणि त्यांतून खळखळणारे पाट. हे पाणी शेतकऱ्यांच्या ‘सुबाक’ नावाच्या मंडळांमार्फत वाटले जाते. कोणी कधी लावणी करायची आणि कोणी कधी जमीन पडीक ठेवायची, हे पाण्याच्या देवळांत बैठकी होऊन ठरते. बातुर सरोवराकाठचे देऊळ त्यांत प्रमुख.

१९७० नंतरच्या काळात सरकारने अधिक उत्पादनासाठी नव्या वाणांचा भात आणला आणि जमीन रिकामी न ठेवता पिकामागून पीक घेण्याचा आग्रह धरला. देवळांचे वेळापत्रक मोडले. परिणाम असा झाला, की पाण्यावरून गोंधळ माजला आणि किडींनी शेते खाल्ली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने त्याचे कारण उलगडून दाखवले. शेजारची सर्व शेते एकाच वेळी रिकामी राहिली की किडीला आश्रय उरत नाही आणि ती उपासमारीने मरते. म्हणजे ज्याला आपण अंधश्रद्धा म्हणून सोडून दिले असते, त्या सामुदायिक विश्रांतीत शेतीचे शास्त्र दडलेले होते. २०१२ मध्ये सुबाक पद्धतीलाही जागतिक वारशाचा मान मिळाला.

या बेटावर शालिवाहन शकाची गणना चालते. त्यांचे नववर्ष म्हणजे ‘न्येपी’. ते पुष्कळदा आपल्या पाडव्याच्या आसपास येते, आणि २०२३ मध्ये तर दोन्ही सण २२ मार्चलाच होते. आमच्या घरमालकांनी त्याचे वर्णन केले. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, काम करायचे नाही, घराबाहेर पडायचे नाही, करमणूक करायची नाही. विमानतळ चोवीस तास बंद असतो. २०१८ पासून मोबाइलवरचे इंटरनेटही बंद ठेवतात. “रात्री आकाशात इतके तारे दिसतात, की मुले घाबरतात,” असे ते हसत हसत म्हणाले.

आळशी कोण?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या मुलखातल्या लोकांना युरोपीय राज्यकर्त्यांनी एक विशेषण कायमचे चिकटवले : आळशी. मलेशियातील समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७ मध्ये या समजुतीचा समाचार घेणारा ग्रंथच लिहिला. मलाय शेतकरी आपले भात पिकवत होता, मासे पकडत होता. परक्यांच्या खाणीत आणि मळ्यात हमाली करायला मात्र तो तयार नव्हता. म्हणून तो आळशी ठरला! जावात तर १८३० पासून डचांनी शेतकऱ्याला जमिनीचा काही भाग निर्यातीच्या पिकांसाठी सक्तीने लावायला भाग पाडले, आणि तरीही आळशी तोच. राबवून घेणाऱ्याने राबणाऱ्याला दिलेले हे नाव आहे.

हे वाचताना मला आपलीच गोष्ट वाचतो आहोत असे वाटले. गोव्याच्या माणसाला ‘सुशेगाद’ म्हणून हसतात. “कोकणी माणसाला काम नको” हे वाक्य तर आपण मुंबईत इतक्यांदा ऐकतो, की पुढे ते स्वतःच म्हणू लागतो. पहाटे उठून दुपारी पडवीत आडवा होणारा माझा आजोबा आळशी नव्हता. त्याने उन्हाशी तडजोड केली होती, एवढेच.

आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आणि जहाजांना वाऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. आज सिंगापूरच्या बंदरात अवाढव्य जहाज येते, पेट्या उतरवते, दुसऱ्या भरते आणि निघून जाते. खलाशी गावात पाऊल टाकतो की नाही याची शंका. या वेगाने पोट भरते, हे खरे. मलाही पुढे कुठे तरी नोकरी करायची आहे. वेगाची निंदा करून भागणार नाही. पण त्या जहाजांतून मालच तेवढा उतरतो. नवी बोली, नवे देऊळ, नवा पदार्थ किंवा एखादे सोयरिकीचे घर उतरण्यासाठी माणसाला काही दिवस तरी धक्क्यावर राहावे लागते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, संधी मिळाली तर या बाजूला जरूर जा, आणि कमी गावे पाहा. इतके दूर जाणे जमले नाही, तर पुढच्या सुट्टीत दाभोळला जा. धक्क्याजवळची जुनी मशीद पाहा आणि एखादी फेरीबोट मुद्दाम चुकवा.