एका ‘एस’ने माशाचं विष होतं!

“अरे, आधी एम-थ्री तर काढ, मग फ्रेंच शिक!” सेकंड इयरला मी फ्रेंचचं पुस्तक हॉस्टेलवर आणलं, तेव्हा रूम पार्टनरने दिलेला हा पहिला आशीर्वाद. त्याचंही काही चूक नव्हतं. वैजापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून आलेला मी, व्हायव्हात इंग्रजी बोलतानाच माझी त-त-प-प व्हायची. पण पुढे शिकायला फ्रान्सला जायचं डोक्यात बसलं होतं.

मित्रांनो, खरं सांगायचं तर आपण सगळे आधीपासूनच फ्रेंच नावांच्या गराड्यात आहोत. लाप्लास, फूरिये, कुलोंब, अँपिअर, कार्नो ही सगळी फ्रेंच मंडळी. आपण ‘कार्नॉट सायकल’ म्हणतो, पण फ्रेंचमध्ये त्या नावातला शेवटचा ‘टी’ फक्त लिहायचा, म्हणायचा नाही. एककांच्या पद्धतीला ‘आयएस’ न म्हणता ‘एसआय’ का म्हणतात? कारण 1960 साली ठरलेलं ते नाव फ्रेंच आहे, आणि फ्रेंचमध्ये विशेषण बहुधा नामाच्या मागे येतं.

लिहिताना पहिली अडचण येते ती इथेच. मराठीत आपण साधारण बोलतो तसं लिहितो. फ्रेंचमध्ये पाणी या शब्दात ई, ए, यू अशी तीन अक्षरं, उच्चार मात्र फक्त ‘ओ’. ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘ते बोलतात’ या तिन्हींत क्रियापद कानाला ‘पार्ल’ असंच ऐकू येतं. कागदावर तिन्हींचा शेवट वेगळा. त्यामुळे नुसतं ऐकून लिहिता येत नाही, वाक्यात कर्ता कोण ते आधी बघावं लागतं.

माझी फजिती पहिल्याच निबंधात झाली. ‘दर रविवारी मी मासे खातो’ असं लिहायचं होतं. मासा म्हणजे ‘प्वासों’, आपल्या प्वासों रेशोवाल्या शास्त्रज्ञाचं नावही तेच. त्यात दोन ‘एस’ लागतात. मी एकच लिहिला. दोन स्वरांच्या मध्ये एकटा ‘एस’ सापडला की त्याचा ‘झ’ होतो आणि शब्द होतो ‘प्वाझों’, म्हणजे विष! दर रविवारी मी विष खातो, असं लिहून मोकळा झालो. मेसचं जेवण बघता ते अगदीच खोटं नव्हतं म्हणा.

पण एका बाबतीत आपण मराठी मुलं नशीबवान. लिंगाप्रमाणे विशेषण बदलतं, हे इंग्रजी माध्यमातल्या मित्रांना समजावून घ्यावं लागलं. आपण तर ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणतच मोठे झालो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा फरक तिथेही तसाच. जाणे-येणे अशा क्रियापदांच्या भूतकाळात मुलगा ‘मी गेलो’ लिहितो आणि मुलगी ‘मी गेले’, तसंच फ्रेंचमध्येही मुलगी शेवटी एक जादा ‘ई’ लावते. आपल्याकडे तो फरक ऐकू येतो, तिथे तो फक्त दिसतो. फक्त लिंगं मराठीवरून ठरवू नका. नपुंसकलिंग तिथे नाहीच, आणि आपला ‘तो’ चंद्र तिकडे ‘ती’ आहे!

अक्षरांवरच्या तिरक्या रेघांना घाबरू नका. आपल्या मात्रेसारख्याच त्या. गाळल्या की शब्द चुकतो. कॉम्प्युटर लॅबमध्ये विंडोजवर ऑल्ट दाबून उजवीकडच्या नंबर पॅडवर 130 टाइप केलं की उजवीकडे झुकलेली रेघवाला ‘ई’ येतो, 138 ला डावीकडे झुकलेला, आणि 135 ला शेपटीवाला ‘सी’.

डेल्फ ए-वन या पहिल्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे प्रत्येकी 25 गुण. पास व्हायला एकूण 50 हवेत आणि प्रत्येक भागात किमान 5. लेखनात एक फॉर्म भरायचा आणि साधारण 40 शब्दांचा संदेश लिहायचा. म्हणून मी रोज रात्री जेवणानंतर 40 शब्द लिहायचो: आज काय खाल्लं, कोणतं लेक्चर बुडवलं. दुसऱ्या दिवशी तेच कोणाला तरी वाचायला लावून शुद्धलेखनासारखं पुन्हा उतरवायचो. रूम पार्टनर वैतागत वाचायचा. हळूहळू त्यालाही चुका दिसायला लागल्या.

परीक्षा पुण्याला झाली. पास झालो, आणि सगळ्यात जास्त गुण लेखनात पडले! 1666 साली भारतात आलेला ज्यां द तेवनो हा फ्रेंच प्रवासी आपल्या वेरूळची लेणी बघून गेला आणि त्यांचं वर्णन आपल्या भाषेत लिहून ठेवलं. त्याच वेरूळवर त्याच्या भाषेत 40 शब्द लिहिताना मला काय वाटलं असेल, ते सांगायला नको. इंग्रजीच्या वर्गात मी नेहमी मागच्या बाकावर बसायचो. फ्रेंचच्या वर्गात मात्र कॉन्व्हेंटवाले आणि झेडपीवाले एकाच रेषेवर होते. सगळ्यांचीच सुरुवात शून्यापासून. आणि तिथे कामी आलं ते शाळेत बाईंनी घोटून घेतलेलं मराठी व्याकरण.

तेव्हा मित्रांनो, वही काढा. आणि हो, माशात दोन ‘एस’!