थे घार नव्हे!

दिवाळीची सुटी संपली की आमच्या दर्यापूरकडची वावरं हरभऱ्यानं हिरवी होऊ लागतात. हा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारट, म्हणून हरभरा जमिनीतल्या ओलीवरच वाढतो. आणि शेतं कशी, नजर पोचेल तिथवर सपाट! अशाच एका वावरावरून गेल्या हिवाळ्यात एक तपकिरी पक्षी अगदी खालून तरंगत चालला होता. माझ्याबरोबरच्या चौथीतल्या पोरानं लगेच ढेकूळ उचललं.

"सर, घार! आमच्या कोंबडीचे पिल्लं नेते थे."

नेम चुकला, बरं झालं. ती घार नव्हतीच. तो होता भोवत्या.

मग ओळखायचं कसं? आधी शेपटी पाहा. घारीच्या शेपटीला टोकाशी खाच असते, भोवत्याची शेपटी लांब नि बिनखाचेची. घार उंचावर घिरट्या घालते. भोवत्या मात्र काही हरवल्यासारखा, पिकाच्या शेंड्यांवरून या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत शोधत जातो. दोन-चारदा पंख मारायचे, मग ते इंग्रजी 'व्ही'सारखे वर धरून तरंगायचं!

आपल्याकडे येणाऱ्या दोन जाती पाहू. दोन्हींची मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. नर राखाडी, पंखांची टोकं काळी. नराच्या पंखावर आडवी काळी रेघ असली तर तो माँटेग्यूचा भोवत्या, नसली तर फिकट भोवत्या. माद्यांमध्ये माझीही अजून गफलत होते!

भूगोलात तुम्ही 'स्टेप' वाचलं असेल. कझाकस्तानातल्या त्या गवताळ प्रदेशात यांची घरटी असतात, तीही जमिनीवर. सप्टेंबर-ऑक्टोबरात हजारो किलोमीटर उडून ते इकडे येतात. अमेरिकेच्या प्रेअरीवरही यांचा एक भाऊबंद आहे. खाणं म्हणाल तर नाकतोडे, उंदीर, सरडे, लहान पाखरं.

रात्री हे पाहुणे झाडावर बसत नाहीत. गावाच्या ई-क्लास जमिनीवर उंच गवत असलं, तर त्यात जमिनीवरच अनेक जण मिळून झोपतात. त्या गवताला कुणी काडी लावली, की मुक्काम गेला. संध्याकाळी पाहायला जाल तर लांबच थांबा बरं का!

मार्च-एप्रिलपर्यंत ते इथं असतात. ढेकूळवाल्या त्या पोरानं आता वही केलीय. परवा त्यात लिहिलं होतं, 'नर. काळी रेघ आहे.'

मी शेजारीच उभा होतो. मला रेघ दिसली नव्हती.